जानव्यासारखा पट्टा

कंदी आमच्याकडे आली तेव्हा सव्वादोन महिन्यांची होती. रंग अगदी साताऱ्याच्या कंदी पेढ्याचा, म्हणून ते नाव. जात शिह त्झू. आमच्या गल्लीत या जातीचा उच्चार चार प्रकारे होतो, त्यातला एक लिहिण्यासारखा नाही. या कुत्र्यांचे केस आपल्यासारखे वाढतच राहतात, गळतात कमी. म्हणजे रोज विंचरणं आलं आणि दर पाच-सहा आठवड्यांनी कापणं आलं. हे घेताना कोणी सांगत नाही.

पहिलं दीड वर्ष आम्ही तिला एका दुकानात नेत होतो. दुकान कुठलं ते सोडून देऊ. आत काच होती, काचेपलीकडे टेबल. टेबलाच्या कडेला शिकंजा आवळून एक वर जाऊन वाकलेला पाइप, पाइपाला नायलॉनचा फास, आणि तो फास कंदीच्या गळ्यात. मी बाहेर बाकावर बसून बघत होते. केस कापणारा मुलगा मशीनचं ब्लेड बदलायला कपाटाकडे वळला. तीन पावलं, फार तर चार. तेवढ्यात कंदीने काचेतून मला पाहिलं आणि माझ्याकडे यायला उडी मारली.

आवाज काहीच झाला नाही. भुंकली असती, केकाटली असती तर त्याने लगेच मागे वळून पाहिलं असतं. गळा आवळल्यावर आवाज निघतोय कुठून? ती टेबलाच्या कडेला लोंबत होती आणि मागचे पाय हवेत सायकल चालवल्यासारखे हलत होते. मी काच बडवली. मुलाने धावत येऊन तिला खालून उचललं, पण फासाची गाठ ओझ्याने घट्ट बसली होती, ती सोडवायला त्याला दोन्ही हात लागत होते, आणि दोन्ही हातांत तर कंदी. शेवटी मी आत गेले आणि माझ्या पर्समधल्या धागे कापायच्या कात्रीने तो फास कापला. मी ब्लाउज शिवते, ती कात्री माझ्याकडे कायम असते. एरवी मी या गोष्टीला योगायोग म्हणून सोडून दिलं असतं. आता नाही म्हणत.

तो मुलगा वीस-एकवीसचा असेल, माझ्यापेक्षा तोच जास्त थरथरत होता. मी त्याला बोलले नाही. बाहेर अजून तीन कुत्री रांगेत होती आणि आत तो एकटा.

कंदी घरी येईपर्यंत ठीक वाटली. संध्याकाळी डाव्या डोळ्याचा पांढरा भाग लालभडक झालेला दिसला. आमचे डॉक्टर शिरवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात शिकलेले, बोलतात कमी. त्यांनी डोळ्यात नारिंगी औषधाचा थेंब टाकला आणि निळ्या उजेडात पाहिलं. बुबुळावर ओरखडा असेल तर तिथे हिरवं चमकतं म्हणाले. चमकलं नाही. आतली बारीक रक्तवाहिनी फुटली होती, ती आपोआप भरून आली. पण त्यांनी मला समोर बसवलं आणि कागदावर पेनाने कवटी काढून दाखवली. चपट्या तोंडाच्या कुत्र्यांच्या डोळ्यांच्या खोबणी उथळ असतात. गळा आवळला की डोळ्यातला दाब वाढतो. जोर जास्त झाला तर डोळा पापणीच्या बाहेर येऊ शकतो, आणि तो नेहमी परत बसवता येईल असं नाही. मग श्वासनलिका काढली. तिच्या कूर्चेच्या कड्या पूर्ण गोल नसतात, एका बाजूला उघड्या असतात, तेवढ्या जागी नुसता पडदा. लहान जातींमध्ये, पॉमेरियन आणि यॉर्कशायर टेरियरमध्ये विशेष, त्या कड्या वयाबरोबर मऊ पडून नळी चपटी होते आणि कुत्रं बदकासारखं खोकायला लागतं. त्यात गळ्याला ओढ बसली की भरच.

"हिच्या गळ्यात यापुढे काही बांधू नका. फिरवतानासुद्धा छातीचा पट्टा," एवढंच म्हणाले.

तर, दुकान बंद. केस मात्र वाढायचे थांबले नाहीत.

पहिले दोन महिने मी जे काही केलं त्याला केस कापणं म्हणवत नाही. मांडीवर घेतलं तर ती दोन गुडघ्यांमधून खाली सटकायची. जमिनीवर बसले तर माझी कंबर जायची, आणि ती सोफ्याखाली. मग ह्यांना धरायला बसवलं. ह्यांचं प्रेम फार. हे तिला छातीशी असं कवटाळून धरायचे की ती सुटायला धडपडायची, मग हे आणखी घट्ट धरायचे. या ओढाताणीत माझ्या कात्रीचं टोक एकदा तिच्या कानाच्या पाळीपासून दोराभर अंतरावरून गेलं. मी कात्री खाली ठेवली आणि अर्धा तास चहा करायला स्वयंपाकघरात थांबले. चहा पाच मिनिटांत झाला होता.

मग माझ्या कटिंग टेबलावर प्रयोग केला. चौतीस इंच उंच, वर सनमायका. माझ्या कमरेला उंची अगदी बरोबर. तिला वर ठेवलं तर मागचे पाय फाकायला लागले, नखं सनमायकावर करकर वाजली, आणि मग ती एकदम गप्प उभी राहिली. मी म्हटलं, वा! शहाणी झाली. तिने जांभई दिली, मी म्हटलं झोप आली वाटतं. नाक चाटलं, म्हटलं खायला हवंय. डोळे तिरके करून माझ्याकडे बघत होती, कडेचा पांढरा भाग दिसेल इतके, तर सासूबाई म्हणाल्या, "बघ कशी लाडात बघतेय." चुकत होतं ते इथेच. ती घाबरून गारठली होती, आणि आम्ही दोघी कौतुक करत होतो. थोड्या वेळाने तिने न सांगता उडी मारली. मी झेललं. झेललं म्हणजे ती माझ्या पोटावर आदळली आणि आम्ही दोघी खाली बसलो.

माझ्या भाचीने मग पुण्यातल्या तिच्या ओळखीच्या एका बाईंशी गाठ घालून दिली. कोथरूडला राहत्या घराच्या दोन खोल्यांत त्या कुत्र्यांचे केस कापतात, वीसेक वर्षं तरी करताहेत. सगळे त्यांना ताई म्हणतात, मीही म्हणते. फोनवर मी दुकानातला प्रकार सांगितला. पलीकडे जरा वेळ शांतता, मग म्हणाल्या, "रविवारी ये. कुत्री आणू नकोस. कात्रीला हात लावायचा नाही, नुसतं उभं राहून बघायचं."

मी सकाळी नऊपासून दुपारी तीनपर्यंत उभी होते. पाच कुत्री झाली. पहिल्या तासात मी उजव्या हाताकडे बघत होते, कात्री कशी चालते, कंगवा कसा. मग लक्षात आलं की बघायचं ते डाव्या हाताकडे. शिलाई मशीनवर बसणाऱ्या बाईला हे खरं तर आधी कळायला हवं होतं. मशीन चालवतात पाय, पण शिवण सरळ ठेवतो डावा हात. ताईंचा डावा हात सहा तासांत एकदाही कुत्र्यावरून उठला नाही. कंगवा हवा तर उजवा हात न बघता बाजूच्या खुंटीवर जायचा. डावा हात कुत्र्याच्या छातीखाली, नाहीतर हनुवटीखाली, नाहीतर मांडीच्या पुढे, पण हात अंगावर. हात बदलायचा असेल तर दुसरा हात आधी टेकवायच्या, मग पहिला काढायच्या. फोन शेजारच्या खोलीत वाजत होता. वाजून थांबायचा.

"पट्टा कुत्र्याला धरायला नसतोच मुळी," त्या म्हणाल्या. "धरतो हात. आपला हात चुकला तर सावरायला एक क्षण मिळावा, एवढ्यासाठी पट्टा. लोक उलटं करतात. पट्टा लावला की हात काढून घेतात."

त्यांच्याही टेबलाला तो वाकलेला पाइप होता, आणि मला ते बघून पोटात गोळा आला होता. पण जवळून पाहिल्यावर बऱ्याच गोष्टी वेगळ्या. एक तर पाइपाचं टोक टेबलाच्या कडेवर नव्हतं, चांगलं वीतभर आत, मध्याकडे होतं. दुकानात ते बरोबर कडेवर होतं, म्हणजे कुत्रं कडेवरून गेलं की सरळ लटकणारच. दुसरं, पट्ट्याची लांबी. चारही पाय टेबलावर असताना पट्टा सैल, त्यात झोळ दिसला पाहिजे. पण कुत्रं कुठल्याही कडेकडे गेलं तरी पुढचे पाय कडेच्या बाहेर पडता कामा नयेत, त्याच्या आतच पट्टा संपला पाहिजे. ताण कायम ठेवून कुत्र्याला ताठ उभं करणारे लोक असतात; ताई त्यांच्याविषयी जे बोलल्या ते गाळते.

आणि तिसरं, लहान आणि चपट्या तोंडाच्या कुत्र्यांना त्या गळ्यात पट्टा घालतच नाहीत. डोक्यातून घालायचा, मग पुढचा एक पाय त्यातून बाहेर काढायचा. पट्टा एका खांद्यावरून तिरपा येऊन दुसऱ्या काखेखालून जातो.

"जानव्यासारखा," मी म्हटलं.

"अगदी. जानव्यासारखा. ओढ बसली तर ती छातीवर आणि खांद्यावर येते, नरड्यावर नाही."

मागे दुसरा छोटा पाइप आणि पोटाखालून एक रुंद पट्टा, मागच्या पायांच्या जरा पुढे. त्याचंही तेच, कुत्र्याला उचलून धरायचं नाही, पट्टा आणि पोट यांच्यामध्ये माझा तळहात सहज गेला पाहिजे. एकच पट्टा असला तर कुत्रं त्याभोवती गोल फिरतं आणि गुरफटतं. पुढे-मागे दोन असले की फिरता येत नाही. म्हातारं कुत्रं, कंबर दुखणारं कुत्रं बसायला लागलं तर ताई मागचा पट्टा काढून त्याला बसू देतात. बसूनही केस कापता येतात, त्यांचं म्हणणं.

साताऱ्याला परत येताना मी वहीत चित्रं काढली, ब्लाउजची काढतो तशी, मापांसकट.

आता इथून पुढे माझं क्षेत्र होतं, त्यामुळे मला जरा माज आला होता. कंदीचं माप घेतलं: छाती साडेसतरा, गळा साडेअकरा, वजन पावणेसहा किलो. घरात जुन्या पलंगाची सुती नवार होती. एक इंच रुंदीची कापली, आतून मऊ पॉपलिनचं अस्तर लावलं, बंद करायला वेल्क्रो. दिसायला झकास. पहिल्याच दिवशी वेल्क्रोत तिच्या काखेतले केस असे अडकले की सोडवताना मला कात्री लागली आणि तिला राग आला. वेल्क्रो बाद. दुसऱ्या पट्ट्याला सरकती कडी लावली, ती ओढ बसली की आवळत जायची. म्हणजे फासच. तो मीच उचलून फेकून दिला. तिसऱ्याला बॅगेला असतं तसं प्लास्टिकचं बक्कल लावलं, आणि माप ठरल्यावर पट्टा पुढे आवळू नये म्हणून तिथे आडवी टीप मारून टाकली. तो टिकला.

टेबलावर जुनी योगा मॅट कापून चिकटवली, रबराची बाजू वर. पाइप फॅब्रिकेशनवाल्याकडून वाकवून घेतला. त्याने विचारलं, "सलाइनचा स्टँड का?" मी हो म्हटलं. समजावत कुठे बसा!

राहिला हुक. पुण्याहून येताना बोहरी आळीतून चांगला पितळी हुक आणला होता, चावीला असतो तसा दाबून उघडणारा, पण जाड. ताईंनी सांगितलं होतं, जे काही बनवशील ते कुत्र्यावर लावायच्या आधी ओझं टाकून बघ. म्हणून सहा किलो गहू पिशवीत भरले, पिशवीला जानवं घातलं, पाइपाला अडकवलं आणि टेबलावरून ढकलून दिलं. सासूबाई दारातून बघत होत्या.

"अगं, गव्हाला फाशी देतेस का?"

"अहो आई, तपासतेय."

"काय तपासतेस? गहू चांगले आहेत."

पिशवी लोंबत होती आणि मी हुक उघडायला गेले, तर उघडेना. ओझं असताना त्याची जीभ आत सरकतच नाही. पिशवी एका हाताने उचलायची, ओढ कमी करायची, मग दुसऱ्या हाताने हुक. आणि पिशवी धडपडत नव्हती, बरं का. शिवाय दुसऱ्या धक्क्याला पाइपाचा शिकंजा टेबलावरून सरकला आणि सगळे गहू फरशीवर. सासूबाई काही बोलल्या नाहीत, सूप घेऊन आल्या.

ताईंना फोन केला. घोड्यांच्या दोराला लावतात तसला एक हुक असतो, त्याची बाहेरची नळी सरकवली की ओझ्याखालीसुद्धा फट्‌कन सुटतो. त्यांनी त्यांच्याकडचा एक पाठवला. शिकंज्याखाली सायकलच्या ट्यूबचा तुकडा घातला, मग सरकायचा थांबला. गव्हाच्या पिशवीवर मी तो हुक वीसएक वेळा सोडला असेल, शेवटी शेवटी डोळे मिटून, डाव्या हाताने. माझ्या डोक्यात आलं होतं की पट्ट्याला एक जागा मुद्दाम कच्च्या टाक्याची ठेवावी, जास्त ओढ बसली तर उसवेल. ताई नको म्हणाल्या. चौतीस इंचांवरून पडून लहान कुत्र्यांची पुढच्या पायांची हाडं मोडतात, काडीसारखी असतात ती. "लटकणं वाईट आणि पडणंही वाईट. दोन्हींवर एकच उपाय, तो तुझ्या डाव्या खांद्याला लावलेला आहे." तरीही धागे कापायची कात्री मी आता गळ्यात दोरीने अडकवते. ताईंनाही ते पटलं आहे.

तयारी पंधरा दिवसांत झाली. कंदीची तयारी व्हायला अडीच महिने लागले, आणि ते खरं काम होतं.

पहिले आठ दिवस टेबल म्हणजे फक्त उकडलेलं चिकन. उचलायचं, एक हात छातीखाली आणि एक मागच्या मांड्यांखाली, अंगाशी धरून. पुढच्या दोन पायांना धरून उचलतात लोक, लहान मुलाला उचलावं तसं. कुत्र्याचे खांदे त्याकरता बनलेले नाहीत. टेबलावर चारही पाय टेकेपर्यंत सोडायचं नाही. दोन तुकडे, परत खाली. बस. नंतरच्या आठवड्यात जानवं घालून दोन तुकडे. मग केस कापायचं मशीन शेजारच्या खोलीत सुरू करून. मग टेबलावर, पण बंद. चालू मशीनची पाठ तिच्या खांद्याला टेकवली तो दिवस मला आठवतो, कारण ती नाक चाटायला लागली आणि या वेळी मी ते ओळखलं आणि बंद केलं. चार महिन्यांपूर्वी मी म्हणाले असते, भूक लागली असेल.

सासूबाईंना आधी हे अजिबात पसंत नव्हतं. गिऱ्हाइकांची कापडं असतात त्या टेबलावर कुत्रं! मी वेगळी चादर घालते, नंतर सगळं पुसते, केस चिकटपट्टीने उचलते, हे त्यांनी तीनदा तपासलं. मग एके दिवशी मी एकटी असताना चिकन भरवायला तिसरा हात लागत होता, तर त्या चमचा घेऊन येऊन उभ्या राहिल्या. चिकनला हात लावणार नाहीत, त्यामुळे चमचा. तेव्हापासून त्या कंदीच्या तोंडापुढे उभ्या असतात आणि रामरक्षा म्हणतात. कंदी रामरक्षेला स्वस्थ असते. ताईंच्या पद्धतीत हे नाही, पण आमच्याकडे चालतं.

नखांचं जरा सविस्तर लिहिते, कारण धरण्यात सगळ्यात जास्त चूक तिथे होते. कुत्र्याला पाय पकडलेला आवडत नाही, म्हणून आपण पंजा घट्ट पकडतो आणि आपल्याकडे ओढतो. मी तेच करत होते. आता मी तिच्या बाजूला, तिचं तोंड असतं त्याच दिशेला पाठ करून उभी राहते आणि पुढचा पाय मागे दुमडते, नालबंद घोड्याचा दुमडतो तसा. पंजा तिच्या अंगाखालीच राहतो, बाहेर येत नाही. माझ्या डाव्या हाताचा तळवा तिच्या कोपराशी, बोटं पंजापाशी. कोपराला टेकू असला की ती पाय मागे खेचू शकत नाही आणि मला आवळावंही लागत नाही. मागचा पाय तर बाजूला कधीच ताणायचा नाही, कारण लहान जातींत गुडघ्याची वाटी जागची सरकायचं प्रमाण फार. तो सरळ मागे, जेमतेम जमिनीवरून उचलल्याइतका.

आणि तिने ओढलं तर? हे मला ताईंनी माझ्याच मनगटावर करून दाखवलं. "तिने ओढलं की तू ओढू नकोस. तिच्याबरोबर जा. पण सोडू नकोस. ती ढिली पडली की मग सोड." ओढल्यावर सोडलं तर ओढलं की सुटतं हे ती शिकते. आवळून धरलं तर माणूस आवळतो हे शिकते. तिच्याबरोबर हात नुसता जात राहिला तर दोन-तीन वेळा करून बघते आणि कंटाळते. हे वाचायला सोपं आहे. माझ्या हाताला यायला दीड महिना लागला.

कंदीची नखं काळी, आतली शीर दिसत नाही. पांढऱ्या नखात गुलाबी रेघ दिसते, काळ्यात तुसभर तुसभर कापत जायचं आणि कापलेल्या तोंडाकडे बघायचं. मध्ये गडद ठिपका दिसायला लागला की थांबायचं. एकदा मी थांबले नाही. रक्त आलं, थेंब थेंब, योगा मॅटवर. कॉर्नफ्लोअरची वाटी शेजारी भरून ठेवलेली होती, त्यात नख दाबून धरलं, दोन मिनिटं. रामरक्षा थांबली होती.

"चालू ठेवा, आई."

त्यांनी पुन्हा पहिल्यापासून सुरू केली.

बाकी गोष्टी सवयीने जमत गेल्या. गुंता अंघोळीच्या आधी, कोरड्या केसांतच सोडवायचा, ओला झाला की नमद्यासारखा बसतो. कंदीचा गुंता कानामागे आणि काखेत होतो; काखेत बरोबर जानव्याखाली, म्हणून काम झालं की पट्टा लगेच काढायचा, शोभेला ठेवायचा नाही. मशीनचं ब्लेड चालता चालता तापतं, दर दोन-तीन मिनिटांनी मनगटाच्या आतल्या बाजूला लावून बघते. उन्हाळ्यात आठच्या आत सगळं उरकते, कारण या चपट्या नाकाच्या कुत्र्यांना धापा टाकून अंग थंड करणं नीट जमत नाही. ताण आणि उकाडा एकदम आला तर ती पटकन कोसळतात. जीभ लांब बाहेर आली आणि धाप थांबेना की खाली. कितीही अर्धवट असो.

तोंडाचं काम अजूनही मी श्वास रोखून करते. डावा हात हनुवटीखाली, दाढीचे केस अंगठा आणि बोट यांच्यात जबड्यालगत धरायचे, कातडी नाही, आणि हात खाली नरड्याकडे घसरू द्यायचा नाही. कात्री बोथट टोकाची. उजव्या हाताची करंगळी तिच्या गालावर टेकलेली, म्हणजे तिने डोकं हलवलं तर माझा हात आणि कात्री दोन्ही डोक्याबरोबर हलतात. टोक डोळ्याच्या दिशेला कधीच नाही, डोळ्यापासून बाहेर. ही करंगळीची युक्ती मला आधीपासून येत होती असं वाटलं, मग आठवलं, गिऱ्हाइकाच्या अंगावरच गळ्याची खूण करायची असली की मी खडूचा हात असाच टेकवते.

गेल्या रविवारी सकाळी साडेसातला सुरू केलं. नखं झाली, पंजाखालचे केस झाले, पोट झालं. डावा गाल झाला. उजव्या गालाला हात घातला आणि दारावरची बेल वाजली. सासूबाई चमचा घेऊन दाराकडे निघाल्या, पण त्यांना वरची कडी निघत नाही. बेल पुन्हा वाजली. पूर्वी मी म्हटलं असतं, पट्टा आहे की, दोन पावलांवर तर दार. आता हात आपोआप चालतो: कात्री खुंटीला, पुढचा हुक, मागचा हुक, पट्ट्यासकट कंदी काखेत. तशीच दार उघडायला गेले.

सदर बझारच्या एक बाई होत्या, गुरुवारी लग्न, ब्लाउजच्या बाह्या सैल होताहेत म्हणत होत्या. बोलता बोलता त्यांचं लक्ष कंदीकडे गेलं. एका बाजूने नीट गोल गाल, दुसऱ्या बाजूने झुबका, अंगात तिरपं जानवं आणि मिशीला चिकनचा तुकडा.

"मुंज आहे का हिची?"

"मुलीची कसली मुंज," सासूबाई मागून म्हणाल्या. "बाह्या किती इंच घ्यायच्यात ते सांगा."

मी मापं लिहून घेतली, डाव्या हाताने कंदी धरून, उजव्याने वहीत. बाई गेल्या तोवर ती काखेतच झोपली होती, घोरत. या जातीची कुत्री घोरतात. उजवा गाल मंगळवारी केला.